कल्याणची कोंडी : रुळांचा प्रश्न आणि जमिनीचा प्रश्न

बोरघाट उतरून आलेला पुण्याकडील लोहमार्ग आणि थळघाट उतरून आलेला नाशिककडील लोहमार्ग यांची भेट कल्याण येथे होते. कोकणातून पनवेलमार्गे येणाऱ्या गाड्या सोडल्या, तर मध्य रेल्वेने मुंबईत येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी या एका स्थानकाच्या रुळांवरून जाते. दक्षिणेकडील मेल, उत्तरेकडील एक्सप्रेस, बंदराकडे निघालेली मालगाडी, आणि कर्जत, कसारा, बदलापूर, आसनगाव व खुद्द कल्याणहून सुटणाऱ्या उपनगरी गाड्या या सर्वांना येथील सांध्यांवरून आपापली वाट काढावी लागते. सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर लोकलची वाट पाहणाऱ्या नोकरदाराचा जो खोळंबा होतो, त्याचे मूळ पुष्कळदा चार-पाच किलोमीटर मागे, कल्याणच्या यार्डात असते. आणि त्या यार्डाच्या अडचणीचे मूळ शोधू लागले की प्रश्न रुळांपाशी न थांबता जमिनीपर्यंत जातो.

कल्याणचे हे स्थान लोहमार्गाने निर्माण केलेले नाही. लोहमार्गाने ते केवळ ओळखले. सह्याद्रीतून उतरणाऱ्या वाटा उल्हास नदीच्या खोऱ्यात एकत्र येतात आणि नदी जेथे खाडीला मिळते तेथे कल्याण वसले आहे. जुन्नरहून नाणेघाट उतरून येणारे व्यापारी तांडे याच बाजूला येत. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचा उल्लेख सापडतो, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनातही या बंदराचे नाव आले आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर दुर्गाडीच्या परिसरात जहाजबांधणी सुरू झाली, हा इतिहास सर्वपरिचित आहे. घाटावरचा माल खाली उतरावा आणि खाडीतून समुद्राकडे जावा, हे या गावाचे शतकानुशतकांचे काम होते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी हा मार्ग कल्याणपर्यंत आला. पुढे त्याला दोन फाटे फुटले. १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ पार झाला, तर १८६५ मध्ये थळघाटातून गाडी इगतपुरीस पोहोचली. तांड्यांची वाट जेथे संपत होती तेथेच जंक्शन झाले. फरक एवढाच, की तांड्याला खाडीकाठी थांबायला दिवस दोन दिवस मिळत. गाडीला तेवढी मिनिटेही मिळत नाहीत.

वस्ती रुळांच्या मागोमाग

पुढील शंभर वर्षांत या टापूत जी वस्ती वाढली ती स्थानकांना बिलगून वाढली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारण्यात आली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या छावणीच्या बराकींत आसरा देण्यात आला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. डोंबिवलीची कथा निराळी आहे. गिरगाव, दादर, परळ येथील चाळींत संसार मावेनासा झाला तेव्हा मध्यमवर्गीय कुटुंबांनी तिकडे धाव घेतली. जागेचे मोल परवडत होते आणि हाताशी लोकल होती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची डोंबिवलीतील वसाहत, अंबरनाथचे कारखाने यांमुळे काहींना घराजवळ काम मिळाले हे खरे. पण नोकरीसाठी मुंबईला जाणे हाच येथील बहुसंख्यांचा दिनक्रम राहिला.

१ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण व डोंबिवली यांची मिळून महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत या महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख भरली. शेजारच्या ठाणे महानगरपालिकेची लोकसंख्या त्याच वेळी १८ लाखांवर होती. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण सुमारे ५४ किलोमीटर अंतरावर आहे. जलद लोकलला हे अंतर काटण्यास एक तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणजे रोज जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटरचा प्रवास, आणि तोही बहुधा उभ्यानेच.

नियोजनकारांना ही दिशा पूर्वीच दिसली होती. १९७३ मध्ये मंजूर झालेल्या मुंबई महानगर प्रदेशाच्या पहिल्या प्रादेशिक आराखड्यात रोजगार बेटाच्या दक्षिण टोकाला साचू न देता प्रदेशात विखुरला जावा, हे सूत्र होते. १९७५ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण अस्तित्वात आले, ते प्रदेशाचा विचार एकत्रितपणे व्हावा याच हेतूने. नवी मुंबईच्या बाबतीत या सूत्राला बऱ्याच अंशी मूर्त रूप आले. कल्याण परिसरात घरे आली, पण त्या प्रमाणात कचेऱ्या आल्या नाहीत. हा तोल बिघडला आणि त्याचा सारा भार रुळांवर पडला.

यार्डात नेमके काय होते

कल्याणच्या मुंबईकडील बाजूस सहा मार्गिका आहेत. दोन धीम्या, दोन जलद आणि पाचवी-सहावी. स्थानक ओलांडल्यावर या मार्गिका दोन दिशांना फुटतात. आता कल्पना करावी, की कसाऱ्याहून मुंबईकडे येणारी एक लोकल आणि मुंबईहून कर्जतकडे निघालेली एक मेल एकाच वेळी कल्याणला पोहोचली आहे. त्यांच्या वाटा सपाटीवरच एकमेकींना छेदतात. त्यामुळे एकीला सिग्नल मिळाला की दुसरीने थांबायचे, याला पर्याय नाही. रस्त्यावरच्या चौकासारखीच ही स्थिती असते. मात्र मोटार काही सेकंदांत चौक ओलांडते, गाडीचे तसे होत नाही.

मालगाडीचे उदाहरण घेतले म्हणजे ही बाब अधिक स्पष्ट होईल. पन्नास-साठ वाघिणींची मालगाडी साधारण सातशे मीटर लांब असते. सांध्यांवरून ती ताशी १५ किलोमीटर वेगाने जात आहे असे धरले, तर मिनिटाला तिचे अडीचशे मीटर अंतर होते. तिचे शेवटचे चाक सांध्यावरून सुटेपर्यंत जवळजवळ तीन मिनिटे जातात. गर्दीच्या वेळी एकापाठोपाठ येणाऱ्या दोन लोकलमधील अंतरही तीन-चार मिनिटांचेच असते. याचाच अर्थ असा, की एका मालगाडीने मार्ग ओलांडला की एका लोकलची जागा गेली. मागच्या लोकल मग एकामागे एक थांबत जातात. पुढे सुटलेल्या गाडीला दर स्थानकावर नेहमीपेक्षा अधिक माणसे भेटतात, ती चढण्यास अधिक वेळ घेतात आणि उशीर वाढतच जातो. कल्याणला झालेला तीन मिनिटांचा उशीर मुंबईला पोहोचेपर्यंत दहा मिनिटांचा का होतो, याचे उत्तर यात आहे.

कल्याणलाच प्रवास संपवून परत फिरणाऱ्या लोकलची अडचण आणखी वेगळी आहे. अशी गाडी फलाटावर उभी राहते, मोटरमन व गार्ड आपापली टोके बदलतात आणि मगच ती परत निघते. तेवढा वेळ तो फलाट दुसऱ्या गाडीला मिळत नाही.

या सर्वांवरील उपाय म्हणून कल्याण यार्डाची पुनर्रचना करण्याचे काम मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ३-अ टप्प्यात समाविष्ट करण्यात आले. सुमारे ३३,६९० कोटी रुपयांच्या या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०१९ मध्ये मंजुरी दिली. पुनर्रचनेचे सूत्र सोपे आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी मालधक्क्याच्या बाजूस स्वतंत्र फलाट बांधायचे आणि सध्याचे फलाट मुख्यत्वे उपनगरी गाड्यांसाठी मोकळे करायचे. कल्याण ते बदलापूर तिसरी व चौथी मार्गिका आणि कल्याण ते आसनगाव चौथी मार्गिका ही कामेही याच टप्प्यात आहेत. यार्ड सुधारले पण पुढचे दोन्ही मार्ग अरुंदच राहिले, तर कोंडी केवळ थोडी पुढे सरकेल, म्हणून ही कामे एकत्र घेणे अगत्याचे होते.

नऊ किलोमीटर, चौदा वर्षे

रूळ टाकणे हे अभियंत्याचे काम आहे आणि तो ते करतो. रुळासाठी जागा मोकळी होणे हे मात्र वेगळ्याच गतीने चालते. ठाणे-दिवा पाचवी व सहावी मार्गिका हे याचे उदाहरण म्हणून पाहता येईल. कुर्ला ते ठाणे आणि दिवा ते कल्याण या भागांत जादा मार्गिका अगोदर झाल्या होत्या. मधला सुमारे नऊ किलोमीटरचा तुकडा तेवढा उरला होता. त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्या ठाण्यापर्यंत आपल्या मार्गिकेवरून येत आणि तेथून पुढे दिव्यापर्यंत जलद लोकलच्या मार्गात मिसळत. नदीचे पात्र दोन्हीकडे रुंद असावे आणि मध्येच चिंचोळे व्हावे, तसा हा प्रकार होता.

या तुकड्याला २००८ मध्ये मंजुरी मिळाली, आणि १८ फेब्रुवारी २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यावर सुमारे ६२० कोटी रुपये खर्च झाला. मध्ये लोटलेल्या चौदा वर्षांतील मोठा काळ रुळांलगतच्या झोपड्यांतील कुटुंबांचे पुनर्वसन आणि जमिनीचा ताबा या बाबींत गेला. ज्यांची घरे हलवायची ती माणसेही याच लोकलने कामाला जाणारी. त्यांना पर्यायी घर न देता रूळ टाकणे न्याय्य नव्हते आणि कायद्यालाही धरून नव्हते. तेव्हा या विलंबाचा दोष त्यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. स्थानकालगतची जागा भविष्यातील मार्गिकांसाठी वेळीच राखून ठेवली गेली नाही, ही खरी उणीव होती.

हे काम पुरे झाल्यावर एक मोठा बदल झाला. १९१६ पासून जलद गाड्या ज्या पारसिक बोगद्यातून धावत, तो सुमारे १.३ किलोमीटरचा बोगदा आता लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आणि जलद लोकल कळवा-मुंब्रा बाजूने डोंगराला वळसा घालून जाऊ लागल्या. उद्घाटनाबरोबरच ३६ नव्या उपनगरी फेऱ्या सुरू करण्यात आल्या. तरीही गर्दी पुरेशी ओसरली नाही. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. आपोआप मिटणारी दारे असलेल्या गाड्यांचा निर्णय त्यानंतर पुढे आला. दार मिटले पाहिजे यात शंका नाही. पण दारात उभे राहण्याची पाळी ज्यांच्यावर येते त्यांना आत जागा मिळणे हेही तितकेच आवश्यक आहे, आणि ती जागा अधिक फेऱ्यांतून किंवा लहान प्रवासातूनच निर्माण होऊ शकते.

एक पूल बंद पडला तेव्हा

रस्त्यांची स्थिती रुळांहून फार वेगळी नाही. कल्याणच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला लोहमार्ग. शहरात शिरायचे किंवा शहराबाहेर पडायचे तर कोणता ना कोणता पूल ओलांडावाच लागतो. कल्याण-शिळ रस्त्यावरचा, लोहमार्गावरून जाणारा पत्री पूल शंभर वर्षांहून जुना होता. २०१८ मध्ये तो धोकादायक ठरवून वाहतुकीस बंद करण्यात आला व १८ नोव्हेंबर २०१८ रोजी पाडण्यात आला. शेजारच्या पुलावरून दोन्ही दिशांची वाहने सोडावी लागली. डोंबिवलीहून कल्याणला येण्यास एरवी लागणाऱ्या वेळाच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागू लागला. रुग्णवाहिका, शाळेच्या बसगाड्या, भाजीचे टेम्पो सारे त्याच रांगेत. नव्या पुलाची सुमारे ७६ मीटर लांबीची तुळई नोव्हेंबर २०२० मध्ये गाड्या थांबवून रुळांवर सरकवण्यात आली आणि २५ जानेवारी २०२१ रोजी पूल खुला झाला. शहराचे दळणवळण किती थोड्या दोऱ्यांवर टांगलेले आहे याची जाणीव त्या दोन-सव्वादोन वर्षांत नागरिकांना झाली.

त्यानंतर दुर्गाडीजवळील खाडीवरचा नवा सहापदरी पूल आणि डोंबिवलीच्या मोठागावाहून भिवंडी तालुक्यातील माणकोलीकडे जाणारा पूल यांनी या दोऱ्यांत भर घातली. पारसिक डोंगरातून बोगदा काढून ऐरोली ते काटई नाका हा रस्ता महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हाती घेतला, तोही शिळफाट्याचा वळसा टाळण्यासाठी.

मेट्रोचा आराखडाही याच दिशेने आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण या सुमारे २५ किलोमीटरच्या मेट्रो-५ मार्गाचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याण येथे झाले. तिचा अंदाजित खर्च ८,४१६ कोटी रुपये होता. भिवंडी हे यंत्रमागांचे व गोदामांचे मोठे शहर. पण ठाणे व कल्याण या दोन्ही शेजाऱ्यांशी त्याचा थेट उपनगरी लोहमार्ग नाही, म्हणून हा मार्ग महत्त्वाचा. कल्याणहून तळोज्याकडे जाणारी मेट्रो-१२ ही त्याचीच पुढची कडी आहे.

जमिनीची पुनर्वाटणी

मेट्रो-१२ ज्या भागातून जाणार आहे, तेथेच कल्याण विकास केंद्राची योजना आहे. ‘कल्याण ग्रोथ सेंटर’ या नावाने ती अधिक ओळखली जाते. निळजे, काटई, घेसर, उसरघर, घारिवली, संदप, कोळे, हेदुटणे, माणगाव व भोपर या दहा गावांतील सुमारे १,०८९ हेक्टर क्षेत्रासाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली आहे. या क्षेत्रात कचेऱ्या, व्यापार व सेवाउद्योग आणावेत, म्हणजे कल्याण-डोंबिवलीतील माणसाला कामासाठी ५४ किलोमीटर जावे लागणार नाही, अशी ही कल्पना. १९७३ चे सूत्रच येथे नव्याने मांडले आहे असे म्हणता येईल.

त्यासाठी निवडलेले साधन नगररचना योजना हे आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. रस्त्यासाठी जमीन संपादन केली की ज्याचे शेत रस्त्यात आले त्याचे सर्व जाते आणि शेजाऱ्याच्या जमिनीचा भाव वाढतो. नगररचना योजनेत असे होत नाही. समजा, एखाद्या शेतकऱ्याचे ४० गुंठे वाकडेतिकडे शेत आहे. योजनेतील सर्व जमिनी कागदोपत्री एकत्र केल्या जातात. त्यांतून रस्ते, बागा, शाळा, मलनिःसारण यांसाठी जागा काढली जाते, आणि उरलेली जमीन चौकोनी भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत मिळते. त्या शेतकऱ्याला ४० ऐवजी २० गुंठे मिळतात, पण ते रस्त्यालगतचे आणि बांधकामयोग्य असतात. तोटा आणि फायदा दोन्ही सर्वांत विभागले जातात. ही पद्धत नवी नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाखाली वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले या भागांची आखणी अशीच झाली, आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात तिची तरतूद कायम ठेवण्यात आली.

गावकऱ्यांच्या मनात शंका आहेत, आणि त्या निराधार म्हणता येणार नाहीत. या पट्ट्यातील बहुसंख्य आगरी व कुणबी कुटुंबांची जमीन पिढ्यानपिढ्या विभागत तुकड्यांवर आली आहे. ज्याच्यापाशी चार-पाच गुंठेच उरले, त्याला परत काय मिळणार? ज्याने गावठाणाबाहेर मुलासाठी घर बांधले, त्या घराचे काय होणार? शिवाय या परिसराने पूर्वी अनेक आराखडे कागदावर पाहिले आहेत. या प्रश्नांची उत्तरे अधिनियमातील कलमे दाखवून देता येत नाहीत. ती प्रत्येक भूखंडाच्या नकाशासमोर, मालकाला शेजारी बसवून द्यावी लागतात. उशीर जितका होईल तितकी आखलेल्या रस्त्यांवर परवानगीविना बांधकामे उभी राहतील, आणि मुंब्र्यातील नऊ किलोमीटरची कथा पुन्हा घडेल, हेही उघड आहे.

रोजगार घराजवळ येईपर्यंत प्रवास तरी सुकर व्हावा यासाठी एक लहानसा दुवा विचारात घेण्याजोगा आहे. कल्याण-डोंबिवलीतील हजारो माणसे ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यात कामाला जातात. २००४ मध्ये ठाणे-वाशी लोहमार्ग सुरू झाल्यापासून ही मंडळी ठाण्याला उतरून गाडी बदलतात. म्हणजे गर्दीच्या ठाणे स्थानकात पूल चढणे, उतरणे आणि पुन्हा रेटारेटी. ऐरोली-कळवा हा उन्नत मार्ग झाला, तर कल्याणची गाडी ठाण्याला न जाता कळव्यापासून थेट नवी मुंबईकडे वळेल, आणि ठाण्याच्या फलाटांवरचा तेवढा भार कमी होईल. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या या कामाचा एक भाग म्हणून दिघा स्थानक १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाले. उन्नत मार्गाचा पुढील भाग कळव्याजवळच्या ज्या वस्तीवरून जाणार आहे, तेथील कुटुंबांना प्रथम घरे द्यावयाची आहेत.